विल्यम मॉम्पेसन

विल्यम मॉम्पेसन (जन्म : इ.स. १६३९, मृत्यू : ७ मार्च, इ.स. १७०९) हे इंग्लंडमधील डार्बीशर काउंटीतल्या ईम या गावचे धर्मगुरू होते. इ.स. १६६५-६६ मध्ये ईम येथे गाठीच्या प्लेगची साथ आली. ती आजूबाजूच्या गावांत पसरू नये म्हणून ग्रामस्थांनी स्वतःहून गावाची सीमा बंद करून घेतली. या निर्णयामागे मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे धर्मगुरू टॉमस स्टॅन्ले या दोघांची प्रेरणा होती, असे मानले जाते. चौदा महिने चाललेल्या या साथीत सुमारे २६० ग्रामस्थ मरण पावले. मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरीन याही त्यांत होत्या. साथीनंतर काही वर्षांनी मॉम्पेसन नॉटिंगहॅमशर काउंटीतील ईक्रिंग येथे धर्मगुरू म्हणून गेले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले.

रेक्टर हे पद

मॉम्पेसन हे ईमचे 'रेक्टर' होते. इंग्लंडच्या राजमान्य चर्चने सारा देश पॅरिशांमध्ये, म्हणजे धर्मग्रामांमध्ये विभागलेला होता. प्रत्येक धर्मग्रामाला एक चर्च व एक धर्मगुरू असे. ज्या धर्मगुरूला गावच्या उत्पन्नाचा दशांश पूर्णपणे मिळत असे, त्याला रेक्टर म्हणत. बहुतेक ठिकाणी रेक्टर नेमण्याचा अधिकार गावकऱ्यांना नसून एखाद्या जमीनदार घराण्याला, महाविद्यालयाला किंवा बिशपला असे. बाप्तिस्मा, विवाह व दफन हे विधी करणे, त्यांची नोंदवही ठेवणे, रविवारी प्रवचन देणे आणि गरिबांच्या मदतीकडे लक्ष देणे ही रेक्टरची नित्याची कामे होती. गावात मान असला तरी त्याच्या हाती दंडशक्ती नव्हती. इ.स. १६०४ च्या प्लेगविषयक कायद्यान्वये बाधितांची घरे बंद करण्याचा अधिकार दंडाधिकारी व नगरप्रमुख यांच्याकडे होता. धर्मगुरू लोकांना सांगू शकत असे, पटवू शकत असे. भाग पाडू शकत नसे. ईममध्ये जे घडले त्याचा विचार करताना ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

जन्म, शिक्षण आणि नेमणूक

मॉम्पेसन यांचा जन्म इ.स. १६३९ च्या सुमारास झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या पीटरहाऊस या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते सर जॉर्ज सॅव्हिल या मातब्बर जमीनदारांचे खासगी धर्मगुरू झाले. सॅव्हिल घराण्याकडे ईमच्या जमिनीची मालकी होती आणि तेथील रेक्टर नेमण्याचा अधिकारही होता. इ.स. १६६४ मध्ये ईमची जागा रिकामी झाली, तेव्हा सॅव्हिल यांनी तेथे मॉम्पेसन यांची नेमणूक केली. त्या वेळी त्यांचे वय पंचविशीचे होते. पत्नी कॅथरीन आणि जॉर्ज व एलिझाबेथ ही दोन लहान मुले त्यांच्याबरोबर होती.

ईम हे पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातले गाव आहे. शेती, मेंढपाळी आणि शिशाच्या खाणी ही तेथील लोकांच्या उपजीविकेची साधने होती. केंब्रिजमध्ये शिकलेला तरुण धर्मगुरू आणि खाणीत राबणारे ग्रामस्थ यांच्यात स्वाभाविक अंतर होते. त्यात राजकीय व धार्मिक कलहाची भर पडली होती.

टॉमस स्टॅन्ले

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झाले. राजनिष्ठ धर्मगुरूंना अनेक ठिकाणी पदच्युत करून त्यांच्या जागी प्युरिटन विचारांचे धर्मगुरू नेमण्यात आले. ईमचे रेक्टर शोरलँड ॲडम्स यांना असेच जावे लागले आणि त्यांच्या जागी टॉमस स्टॅन्ले आले. स्टॅन्ले यांनी अनेक वर्षे गावाची सेवा केली. इ.स. १६६० मध्ये राजेशाही पुन्हा प्रस्थापित झाल्यावर ॲडम्स परतले. इ.स. १६६२ च्या कायद्याने सर्व धर्मगुरूंना शासनमान्य प्रार्थनापुस्तकाचा स्वीकार सक्तीचा केला. तो नाकारणाऱ्या सुमारे दोन हजार धर्मगुरूंना आपली पदे गमवावी लागली. स्टॅन्ले त्यांपैकी एक होते.

पद गेले तरी गावातल्या पुष्कळ लोकांचा ओढा स्टॅन्ले यांच्याकडेच होता. इ.स. १६६५ च्या 'पाच मैल कायद्या'ने अशा पदच्युत धर्मगुरूंना, शपथ घेतल्याखेरीज, आपल्या जुन्या धर्मग्रामाच्या पाच मैलांच्या आत येण्यास मनाई केली. असे असताही स्टॅन्ले साथीच्या काळात ईममध्येच होते. मॉम्पेसन हे शासनमान्य प्रार्थनापुस्तकानुसार चालणारे, तर स्टॅन्ले ते नाकारणारे. म्हणजे दोघे परस्परविरोधी पक्षांचे होते. एकाकडे पद होते, तर दुसऱ्याकडे लोकांचा विश्वास. साथीच्या प्रसंगी हे दोघे एकत्र आले, ही या इतिहासातील महत्त्वाची बाब आहे.

प्लेगचा शिरकाव

इ.स. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ चालू होती. तीत सुमारे एक लाख माणसे दगावली असावीत असा अंदाज केला जातो. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या हकिगतीनुसार, त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस ईममधील एका शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाची पेटी आली. घरात राहणाऱ्या जॉर्ज व्हिकर्स या कारागिराने ती उघडली. कापड दमट असल्यामुळे ते शेकोटीपुढे वाळत घातले. थोड्याच दिवसांत तो तापाने आजारी पडला आणि ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याचे दफन झाले. कापडातून आलेल्या पिसवांमुळे रोग पसरला, असे आज या हकिगतीचे स्पष्टीकरण दिले जाते.

त्याच महिन्यात त्या घरातला एक मुलगा आणि काही शेजारी मरण पावले. ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक मृत्यू झाले. हिवाळ्यात साथ मंदावली, तरी वर्षअखेरपर्यंत मृतांची संख्या चाळीशीच्या पुढे गेली होती. वसंत ऋतूत मृत्यू कमी झाल्यामुळे संकट टळले असे अनेकांना वाटले. जून १६६६ मध्ये मात्र साथीने पुन्हा जोर धरला. ज्यांना शक्य होते अशी काही श्रीमंत कुटुंबे त्यापूर्वीच गाव सोडून गेली होती. उरलेल्यांपैकीही अनेकजण निघण्याच्या विचारात होते.

जून १६६६ मधील निर्णय

या वेळी मॉम्पेसन आणि स्टॅन्ले यांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या, असे सांगितले जाते.

पहिली गोष्ट दफनाविषयी होती. मृतांना चर्चच्या आवारात न नेता प्रत्येक कुटुंबाने आपले मृत आपल्याच शेतात किंवा परसात त्वरित पुरावेत, असे ठरले. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने हा त्याग लहान नव्हता. चर्चच्या पवित्र भूमीत, धर्मगुरूच्या उपस्थितीत दफन व्हावे ही त्या काळच्या प्रत्येक ग्रामस्थाची अपेक्षा असे.

दुसरी गोष्ट उपासनेविषयी होती. बंदिस्त चर्चमध्ये जमणे थांबवून गावाजवळच्या ककलेट डेल्फ नावाच्या हिरव्या घळीत उघड्यावर उपासना करावी आणि प्रत्येक कुटुंबाने इतरांपासून अंतर राखून उभे राहावे, असे ठरले. तेथील खडकाच्या एका कमानीत उभे राहून मॉम्पेसन प्रवचन देत, अशी परंपरा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण होती. साथ संपेपर्यंत गावाबाहेर कोणी जाऊ नये आणि बाहेरच्या कोणी आत येऊ नये, असे ठरले. पळून जाणाऱ्याला आपला जीव वाचण्याची आशा होती. परंतु त्याच्याबरोबर रोगही शेजारच्या गावांत आणि शेफील्डसारख्या बाजारपेठेच्या ठिकाणी पोहोचला असता. गावात राहणे म्हणजे मृत्यूची शक्यता पत्करणे होते. रोगाचे खरे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. तो दूषित हवेतून किंवा स्पर्शातून पसरतो, असा समज होता आणि पुष्कळांना तो ईश्वरी कोप वाटे. अशा स्थितीत बहुसंख्य ग्रामस्थांनी हे बंधन मानले.

सीमेवरील व्यवहार

गाव बंद ठेवायचे तर आतल्या लोकांना अन्न मिळणे आवश्यक होते. ईमपासून काही मैलांवर असलेल्या चॅट्सवर्थ येथे डेव्हनशरचे अर्ल राहत. मॉम्पेसन यांनी त्यांच्याकडे मदत मागितली आणि त्यांनी अन्नधान्य व औषधे पुरवली. शेजारच्या गावांतील लोकही सामान आणून सीमेवर ठेवत. आणणारे परत गेल्यावर ग्रामस्थ ते उचलत, त्यामुळे दोघांची गाठ पडत नसे.

सामानाची किंमत नाण्यांत चुकवायची, पण नाण्यांबरोबर रोग जाऊ नये म्हणून ती व्हिनेगरमध्ये किंवा वाहत्या पाण्यात ठेवली जात. ईम व स्टोनी मिडलटन यांच्या मधल्या माळावर एक सीमाशिळा आहे. तिच्यात कोरलेल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून नाणी टाकत, असे सांगतात. गावाच्या उत्तरेला असलेला झराही अशाच देवघेवीसाठी वापरला जाई. तो आज 'मॉम्पेसनची विहीर' या नावाने ओळखला जातो.

बंधन जाहीर होण्याच्या सुमारास मॉम्पेसन यांनी आपल्या दोन्ही मुलांना यॉर्कशरमध्ये नातेवाइकांकडे पाठवले होते. पत्नीनेही मुलांबरोबर जावे असे त्यांना वाटत होते. परंतु कॅथरीन यांनी पतीला सोडून जाण्यास नकार दिला. मुलांना बाहेर पाठवण्याच्या या कृतीवर पुढील काळात टीकाही झाली आहे. इतरांना राहण्यास सांगणाऱ्याने आपली मुले सुरक्षित ठिकाणी हलवावीत का, हा प्रश्न मॉम्पेसन यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. त्याचबरोबर ते स्वतः व त्यांच्या पत्नी गावातच राहिल्या, ही वस्तुस्थितीही नोंदवावी लागते.

मृत्यूचे महिने

जुलै १६६६ मध्ये पन्नासहून अधिक आणि ऑगस्टमध्ये सत्तरहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षीचा ऑगस्ट हा सर्वांत भीषण महिना ठरला. गावाच्या कडेला रायली नावाच्या शेतावर राहणाऱ्या एलिझाबेथ हॅनकॉक यांनी आठ दिवसांत पती व सहा मुले गमावली. इतर कोणी जवळ येण्यास तयार नसल्यामुळे त्यांनी ते सातही देह स्वतःच ओढत नेऊन शेतात पुरले. ही 'रायली थडगी' आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या देखरेखीखाली आहेत.

मार्शल हाऊ नावाचा एक धट्टाकट्टा ग्रामस्थ मोबदला घेऊन इतरांचे मृतदेह पुरण्याचे काम करी आणि मृतांच्या घरातील वस्तू मेहनताना म्हणून घेई, असे सांगितले जाते. त्याला स्वतःला आधी प्लेग होऊन गेला होता व तो बरा झाला होता, त्यामुळे त्याला भीती वाटत नसे. पुढे त्याची पत्नी आणि मुलगा याच रोगाने गेले.

या काळात मॉम्पेसन आजाऱ्यांकडे जात, मरणासन्न लोकांची मृत्युपत्रे लिहून देत आणि डेल्फमध्ये उपासना चालवत. त्यांना स्वतःला रोगाची बाधा झाली नाही.

कॅथरीन यांचा मृत्यू आणि मॉम्पेसन यांची पत्रे

कॅथरीन मॉम्पेसन पतीबरोबर आजाऱ्यांची शुश्रूषा करत. २५ ऑगस्ट १६६६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्या २७ वर्षांच्या होत्या. मृत्यूच्या आदल्या दिवशी फिरताना त्यांना हवेत गोड वास जाणवला आणि तो ऐकून मॉम्पेसन हादरले, अशी आठवण सांगितली जाते. कारण असा वास येणे हे रोगाचे लक्षण समजले जाई. इतर बहुतेक मृतांचे दफन शेतांत झाले असले, तरी कॅथरीन यांची समाधी चर्चच्या आवारात, आठव्या शतकातील प्राचीन क्रुसाच्या जवळ आहे.

साथीच्या काळातील मॉम्पेसन यांची तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. ३१ ऑगस्टच्या पत्रात त्यांनी मुलांना आईच्या मृत्यूची बातमी कळवली आणि तिच्या धर्मनिष्ठेचे व प्रेमळपणाचे वर्णन केले. १ सप्टेंबरचे पत्र सर जॉर्ज सॅव्हिल यांना आहे. आपणही आता फार दिवस जगणार नाही असे धरून ते लिहिलेले दिसते. त्यात त्यांनी आपल्या मुलांकडे लक्ष द्यावे अशी विनंती केली आणि आपल्यामागून ईमला नम्र व सदाचारी धर्मगुरू नेमावा, असे सुचवले. तिसरे पत्र २० नोव्हेंबरचे असून ते यॉर्कशरमधील जॉन बीलबी यांना लिहिले आहे. त्यात त्यांनी साथीचा हिशेब दिला : धर्मग्रामातील ७६ कुटुंबांत रोग शिरला आणि २५९ माणसे मरण पावली. गावाच्या अवस्थेची तुलना त्यांनी येशूला क्रुसावर दिले त्या गोल्गोथाशी केली आहे.

या पत्रांत स्वतःच्या कर्तृत्वाची फुशारकी कोठेही नाही. मात्र स्टॅन्ले यांचा उल्लेखही त्यांत नाही. स्टॅन्ले यांचे गावातील वास्तव्य कायद्याच्या विरुद्ध होते आणि पत्रे शासनमान्य चर्चशी जोडलेल्या आश्रयदात्याकडे व नातेवाइकांकडे जाणारी होती, हे येथे ध्यानात घेणे इष्ट आहे.

साथीची अखेर

सप्टेंबरपासून मृत्यू कमी होऊ लागले आणि १ नोव्हेंबर १६६६ रोजी शेवटच्या प्लेगग्रस्ताचे निधन झाले. त्यानंतर घरे धुरी देऊन शुद्ध करण्यात आली आणि बाधितांचे कपडे व अंथरूण-पांघरूण जाळण्यात आले. मॉम्पेसन यांनी स्वतःचे सामानही जाळले. शेजारच्या गावांत ही साथ पसरली नाही.

स्टॅन्ले यांचे निधन इ.स. १६७० मध्ये ईममध्येच झाले. विल्यम बॅगशॉ यांनी इ.स. १७०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे नोंदवले आहे की, काही लोकांनी स्टॅन्ले यांना गावाबाहेर काढावे असा आग्रह धरला होता. परंतु साथीत त्यांनी केलेल्या सेवेबद्दल त्यांचे आभार मानणेच उचित होय, असे सांगून अर्लनी ती मागणी फेटाळली.

ईक्रिंग येथील कारकीर्द

इ.स. १६६९ च्या सुमारास सॅव्हिल यांनीच मॉम्पेसन यांची नेमणूक नॉटिंगहॅमशरमधील ईक्रिंग येथे केली. साथ संपून तीन वर्षे होत आली होती, तरी तेथील ग्रामस्थ ईमहून आलेल्या माणसाला गावात घेण्यास घाबरले. स्थानिक परंपरेनुसार, लोकांची भीती जाईपर्यंत मॉम्पेसन जवळच्या रफर्ड पार्कमधील एका झोपडीत राहिले आणि ॲश वृक्षाखाली उभे राहून प्रवचन देत. पुढे तो वृक्ष 'पल्पिट ॲश', म्हणजे व्यासपीठाचा ॲश वृक्ष, या नावाने ओळखला जाई. रोग आपल्या गावाबाहेर जाऊ नये म्हणून ज्यांनी पत्नी गमावली, त्यांनाच रोगाचे वाहक समजून दूर ठेवले गेले.

इ.स. १६७० मध्ये मॉम्पेसन यांनी एलिझाबेथ न्यूबी या विधवेशी विवाह केला. पुढे साउथवेल येथील चर्चमध्ये त्यांना मानाचे पद मिळाले. लिंकन कॅथीड्रलचे डीनपद त्यांना देऊ केले असता त्यांनी ते नाकारून आपले मित्र सॅम्युअल फुलर यांच्यासाठी शिफारस केली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. ७ मार्च १७०९ रोजी ईक्रिंग येथे त्यांचे निधन झाले. त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चपासून मोजत असल्यामुळे काही ठिकाणी हे वर्ष १७०८ असेही आढळते.

रोगाविषयीचे आधुनिक ज्ञान

ईमचे ग्रामस्थ ज्या रोगाशी झुंजत होते, त्याचे कारण कळायला आणखी सव्वादोनशे वर्षे जावी लागली. प्लेगचा जिवाणू अलेक्झांडर येर्सिन यांनी इ.स. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधला. इ.स. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाल्यानंतर भारतात या रोगावर पुष्कळ संशोधन झाले. पॉल-लुई सिमाँ यांनी इ.स. १८९८ मध्ये कराची येथे केलेल्या प्रयोगातून, उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवतात असे दाखवले. त्या वेळी अनेकांनी ते मान्य केले नाही. पुढे मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याला भक्कम पुरावा दिला. ईमच्या कापडाच्या पेटीची जुनी हकिगत आज पिसवांच्या आधारे समजावून सांगितली जाते, त्यामागे या संशोधनाचा आधार आहे.

ईमच्या दफननोंदींचा संख्याशास्त्रीय अभ्यास इ.स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार येथील सुमारे तीन-चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाला झाला असावा आणि उरलेला उंदरांमार्फत झाला असावा. एकाच कुटुंबातील माणसे पाठोपाठ दगावण्याचे कारण यातून स्पष्ट होते. गाव बंद ठेवल्याने बाहेरच्यांचे रक्षण झाले, तरी आत अडकलेल्यांचा धोका त्यामुळे वाढला का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. उघड्यावर आणि अंतर राखून उपासना करणे मात्र आजच्या ज्ञानाच्या कसोटीवरही योग्य ठरते.

आख्यायिका आणि इतिहास

ईमच्या कथेचे आजचे रूप टप्प्याटप्प्याने घडले आहे. इ.स. १७२२ मध्ये डॉक्टर रिचर्ड मीड यांनी प्लेगवरील आपल्या पुस्तिकेत ईमचा वृत्तांत दिला. मॉम्पेसन यांचे पुत्र हे त्यांचे माहितीदार होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्रांना प्रसिद्धी मिळाली. ईममध्ये जन्मलेल्या कवयित्री ॲना सीवर्ड यांनीही या घटनेवर लिहिले. त्यांचे वडील ईमचेच रेक्टर होते. विल्यम वूड यांनी इ.स. १८४२ मध्ये ईमचा इतिहास लिहिला आणि गावात तोंडी चालत आलेल्या अनेक गोष्टी त्यात नोंदवल्या. त्या वेळी घटनेला पावणेदोनशे वर्षे उलटून गेली होती.

इतिहासकार पॅट्रिक वॉलिस यांनी इ.स. २००६ मधील आपल्या लेखात असे दाखवले आहे की, या कथेतील नायक काळानुसार बदलत गेले. आरंभी मॉम्पेसन यांच्यावर प्रकाश होता. एकोणिसाव्या शतकात शासनमान्य चर्चबाहेरच्या पंथीयांनी स्टॅन्ले यांचे कार्य पुढे आणले. विसाव्या शतकात सामान्य ग्रामस्थांच्या त्यागावर भर दिला गेला.

लोकसंख्येच्या बाबतीतही असेच झाले. गावात ३५० माणसे होती व त्यांतली ८३ वाचली, असे पूर्वी सर्वत्र लिहिले जाई. चुलींवरील कराच्या नोंदी आणि दफननोंदी तपासल्यावर लोकसंख्या सुमारे ७०० असावी असे आढळले. म्हणजे सुमारे एक-तृतीयांशाहून अधिक ग्रामस्थ मरण पावले. जुन्या आकड्यापेक्षा हे प्रमाण कमी असले तरी तेही अतिशय मोठे आहे.

एमट सिडल आणि शेजारच्या गावातील तिचा प्रियकर रोलंड यांची कथा लोकप्रिय आहे. दोघे दुरून एकमेकांना पाहत आणि एक दिवस ती यायची थांबली, असे तीत सांगितले जाते. एमटचा मृत्यू एप्रिल १६६६ मध्ये, म्हणजे गाव बंद होण्यापूर्वीच झाला होता. त्यामुळे जूनच्या बंधनाने या दोघांची ताटातूट झाली असे म्हणता येत नाही.

मूल्यमापन

मॉम्पेसन यांना पूर्वी एकमेव नायक मानले जाई, तर नंतर काहींनी त्यांचे श्रेय अगदीच कमी केले. उपलब्ध पुराव्यांवरून मध्यम निष्कर्ष काढता येतो. गाव बंद ठेवण्याची सक्ती करील अशी कोणतीही यंत्रणा ईममध्ये नव्हती. ग्रामस्थांनी बंधन पाळले ते पटल्यामुळे, किंवा जाण्यास दुसरे ठिकाण नसल्यामुळे, किंवा या दोन्ही कारणांनी. मॉम्पेसन यांचे कार्य तीन प्रकारचे होते. त्यांनी आपल्या विरोधी पक्षातील, पण लोकप्रिय अशा धर्मगुरूशी हातमिळवणी केली. बाहेरून अन्न मिळण्याची व्यवस्था केली. तिच्यावाचून बंधन आठवडाभरही टिकले नसते. आणि ते स्वतः गावात राहिले. बंधनाची खरी किंमत मात्र नोंदवहीत नावापुरत्या उरलेल्या ग्रामस्थांनी मोजली.

स्मृती

ईममध्ये दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी 'प्लेग रविवार' पाळला जातो. ग्रामस्थ मिरवणुकीने ककलेट डेल्फ येथे जातात आणि तेथे उघड्यावर उपासना होते. साथीला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, इ.स. १८६६ मध्ये, या स्मरणसोहळ्याची परंपरा सुरू झाली. कॅथरीन यांच्या समाधीवर त्या दिवशी फुले वाहिली जातात. ज्या घरांत मृत्यू झाले त्यांच्यावर मृतांच्या नावांचे फलक लावलेले आहेत. गावात या साथीविषयी संग्रहालयही आहे.

जिल पेटन वॉल्श यांची 'अ पार्सल ऑफ पॅटर्न्स' (इ.स. १९८३) आणि जेराल्डिन ब्रुक्स यांची 'इयर ऑफ वंडर्स' (इ.स. २००१) या कादंबऱ्या, तसेच डॉन टेलर यांचे 'द रोझेस ऑफ ईम' हे नाटक या घटनेवर आधारित आहे. इ.स. २०२० मध्ये कोविडच्या साथीत जगभर टाळेबंदी झाली, तेव्हा ईमच्या इतिहासाची पुन्हा मोठ्या प्रमाणावर चर्चा झाली.